त्रेसष्ट नंबर आत आहे

नूरखालाचा ओरडा खाल्ला नाही असा कोकणी माणूस जेद्दाच्या अझीझिया भागात शोधून सापडणार नाही. मला तो पहिल्यांदा बसला डब्याच्या झाकणावरून. झाकण नीट न घासता परत दिलं होतं. तिने ते माझ्या नाकासमोर धरलं आणि विचारलं, घरी आईलाही असंच देत होतास का. मी बत्तीस वर्षांचा सेफ्टी ऑफिसर, दिवसभर लोकांना हेल्मेटवरून झापणारा माणूस, मुकाट्याने झाकण घेऊन नळाखाली गेलो.

खाला म्हणजे मावशी. तिचं खरं नाव नूरुन्निसा, वय सत्तावन्न, गाव रत्नागिरीच्या उत्तरेला खाडीकाठी. एका कोकणी डॉक्टरांच्या घरामागच्या खोलीत ती राहायची. सकाळी डॉक्टरांचा स्वयंपाक आणि दुपारनंतर आमच्यासारख्या साठ एकट्या पुरुषांचे डबे. तांदळाची भाकरी, माशाचं कालवण, शुक्रवारी वडे. जेवण असं की माणसाने गप्प व्हावं, आणि बोलणं असं की घास घशात अडकावा. इथल्या माशांना चव नाही म्हणून ती चिडायची, तांदळाला चिकटपणा नाही म्हणून चिडायची, आणि कुणी 'खाला, आज खुशीत दिसता' म्हटलं तर त्यावरही चिडायची. लोक म्हणायचे, बाईचा स्वभावच तसा. हे वाक्य ऐकलं की आता माझं डोकं फिरतं. स्वभाव वगैरे काही नाही. ती सत्तावीस वर्षं एकाच गोष्टीवर चिडलेली होती, आणि उरलेला राग आमच्या वाट्याला येत होता.

ती गोष्ट अशी. तिचा नवरा हनीफ ताइफच्या पलीकडच्या उंच डोंगरात तांब्याच्या खाणीत कामाला होता. एका गुरुवारी पाळी संपली. शुक्रवारची सुट्टी गेली. शनिवारी हजेरीला हनीफ नव्हता. कंपनीने आठवडाभर वाट पाहिली आणि कामगार पळाला अशी नोंद करून टाकली. अशा नोंदीला इथे हुरूब म्हणतात. खाडीकाठच्या गावात पोचेपर्यंत त्या शब्दाला पाय फुटले. हनीफने जेद्दात दुसरं घर केलं, हनीफला कुणी यमनच्या बाजूला बघितलं, हनीफ पोराबाळांसकट मजेत आहे. घरी आली ती त्याची सुटकेस. तिच्यात दोन इस्त्रीचे शर्ट होते आणि तीन वर्षांच्या उझमासाठी घेतलेले लाल बूट.

पळणारा माणूस पोरीचे बूट मागे ठेवून पळतो का, हे नूरखाला तेव्हापासून विचारत होती. गावच्या जमातीतल्या मोठ्या माणसांनी ऐकून घेतलं, माना डोलावल्या आणि चहा पिऊन घरी गेले. तिची मागणी एकच होती. गावच्या मशिदीत हनीफची गायबाना नमाज व्हावी. मयत समोर नसताना जी जनाज्याची नमाज पढतात, ती. जमातीने सांगितलं, पळालेल्या माणसाची जनाज्याची नमाज होत नाही. तो मेला असं सांगणारा साक्षीदार आण. ती ना विधवा झाली ना नांदती राहिली. हातातल्या हिरव्या बांगड्या तिने उतरवल्या नाहीत, कारण उतरवायचा हक्कसुद्धा तिला कुणी दिला नव्हता. उझमाचं ठरलेलं पहिलं लग्न बाप पळपुटा म्हणून मोडलं. ज्यांनी मोडलं त्यांच्या घरातले दोघे आमच्याबरोबर खालाचा डबा खायचे, आणि ती त्यांनाही वाढायची, तोंडाने सोलून काढत.

या सगळ्यात तिच्या पाठीशी उभा राहिलेला माणूस एकच, सिराजुद्दीन. हनीफचा मावसभाऊ. त्याच खाणीत, त्याच खोलीत राहिलेला. सुटकेस त्यानेच गावी पोचवली. उझमाची शाळा, पुढे तिचं झालेलं लग्न, सगळ्यात तो होता. नूरखालाला डॉक्टरांकडे कामाला लावून इथे आणणाराही तोच, कारण तिला नवरा हरवला त्या देशात यायचंच होतं. आता तो सहासष्टचा, एका गोदामावर सुपरवायझर, आणि चार महिन्यांनी त्याचं फायनल एक्झिट, म्हणजे कायमचं परत जाणं. साठ डब्यांत त्याचा एक डबा असा होता की त्यात काय घालायचं हे खाला आदल्या दिवशी ठरवायची.

मी यात आलो तो निव्वळ नोकरीमुळे. त्या डोंगरावर आता पर्यटकांसाठी पायवाट होणार आहे. आमच्या कंपनीकडे काम आलं की जुने बोगदे तपासा, कुठले बुजवायचे ते सांगा. शिखराच्या थोडं खाली सगळ्यात वरच्या बोगद्याचं तोंड आहे, आणि तोंडाशी पत्र्याची शेड. शेडमध्ये भिंतीवर हजेरीचा फळा अजून तसाच होता, पितळेच्या टॅगसकट. माझ्या धंद्यातल्या माणसाला याहून मोठी मेजवानी नाही. मी फोटो काढला आणि पुढच्या दिवशी डबा घेताना कौतुकाने सांगत बसलो, की खाला, आम्ही एवढे कॉम्प्युटर वापरतो, पण ही जुनी पद्धत बघ कशी साधी. प्रत्येकाचा एक नंबर. टॅगची एक बाजू लाल, एक कोरी. आत जाताना लाल बाजू पुढे करायची, बाहेर आलं की कोरी. पाळी संपली की सुरुंग उडवणारा माणूस फळ्यासमोर उभा राहतो. एकही लाल दिसला नाही तरच तो सुरुंग उडवतो.

तिने पळी खाली ठेवली आणि डोंगराचं नाव विचारलं. मी सांगितलं. मग म्हणाली, त्रेसष्ट नंबर बघ. हनीफच्या प्रत्येक पत्रावर तो नंबर असायचा, कारण कॅम्पात टपाल टॅगच्या नंबरावर वाटायचे. मी फोटो मोठा करून बघितला आणि मूर्खासारखं, एकदम ऑफिसच्या आवाजात सांगितलं, "कोरा आहे, खाला. म्हणजे ते बाहेर आले होते."

आठ दिवस मला डबा मिळाला नाही. नवव्या दिवशी मिळाला आणि बरोबर हुकूम, मला वर ने. शनिवारी तिथे काम बंद असतं आणि खालच्या फाटकाची चावी माझ्याकडे होती. नियमाने हे चूक होतं, आणि नियम शिकवण्यावरच माझं पोट. तरी मी हो म्हटलं, कारण मला माझ्या त्या वाक्याची लाज वाटत होती. सिराजुद्दीनने तिला हरप्रकारे अडवलं. गुडघे दुखतील, साखर वाढेल, वर माकडं अंगावर येतात, थंडी आहे, आता बघून काय मिळणार. तिने त्याला शेवटपर्यंत बोलू दिलं आणि मग सांगितलं, तू पण चल, तू तिथे होतास, मला जागा दाखव. त्यावर त्याने अडवणं सोडलं. मला वाटलं, भावाच्या आठवणीने.

पहाटे निघालो आणि नऊला पायथ्याशी होतो. तिथे आधीच मोठा फलक लागलाय. हसणारं जोडपं, पाठीवर बॅगा, मागे शिखर. जिथे खाणीतला दगड आणून ओतायचे तिथे कॉफीचं दुकान होणार आहे. खालाने ते चित्र नीट बघितलं, अबायाचा घोळ वर खोचला, आणि माझे जुने बूट दोन मोज्यांवर चढवले. चढ साडेतीन तासांचा. वाट खाणकामगारांनीच खडकात फोडलेली, नागमोडी, बाजूला गंजलेले रोपवेचे खांब. हजार फुटांनंतर जुनिपरची वाकडी झाडं सुरू झाली आणि वारा असा की कान दुखायला लागले. ती दर वळणावर थांबायची, दम घ्यायची आणि त्या दमात कुणालातरी शिव्या घालायची. एका वळणावर जमातीला, एका वळणावर उझमाच्या मोडलेल्या सासरला. ही वाट रोज चढवून त्याच्याकडून काम घेतलं आणि वर पळपुटा म्हणाले, असं म्हणून तिने एका खांबाला लाथ मारली. मला हसू आलं नाही. ती वाट मी पंधरा वेळा चढलो होतो आणि ती कुणी फोडली असेल हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं.

सिराजुद्दीन मागे मागे पडत होता. पत्र्याची शेड दिसायला लागली तसा तो एका दगडावर बसला आणि म्हणाला, तुम्ही जाऊन या, मी इथेच थांबतो. खालाने खाली उतरून त्याच्या मनगटाला धरलं आणि उठवलं.

शेडमध्ये ती फळ्यासमोर बराच वेळ उभी राहिली. सहा ओळी, प्रत्येक ओळीत वीस खिळे. तिने स्वतःच त्रेसष्ट शोधला आणि त्याला हात न लावता मला विचारलं, टॅग उलटा कोण करतो. मी म्हटलं, नियम असा की ज्याचा त्यानेच करायचा.

"नियम नको सांगू. करतं कोन?"

आता मी पुन्हा ऑफिसच्या आवाजात बोलू शकत नव्हतो. मी खरं ते सांगितलं. कुठल्याही साइटवर जा, एका गावचे, एका खोलीतले लोक एकमेकांचे टॅग फिरवतात. मी पकडतो, दम देतो, पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. त्यांना त्यात चूक वाटत नाही. माणुसकी वाटते. या खाणीत तर कारणही असणार. सुरुंग उडाल्याशिवाय पायथ्याची बस सुटत नाही आणि फळा कोरा झाल्याशिवाय सुरुंग उडत नाही. म्हणजे जो पहिला बाहेर येईल त्याने सगळ्या खोलीचे टॅग फिरवायचे. हे बोलता बोलताच मला कळलं की मी काय बोलतोय, आणि मी थांबलो.

खाला वळली. सिराजुद्दीन दारात उभा होता.

"त्या दिवशी पयला कोन आला?"

"मी," तो म्हणाला.

मग त्याने सगळं सांगितलं, खाली बघून, एका सुरात. खोलीत पाच जण, पाचही एका गावचे. गुरुवारची बस कॅम्पावरून पुढे शहरात जायची आणि जागा धरायची घाई असायची. त्याने स्वतःचा टॅग फिरवला आणि बाकी चौघांचेही. असं ते दर गुरुवारी करायचे. तिघे त्याच्या मागोमाग आले. हनीफ आत कशाला थांबला ते कुणालाच माहीत नाही. सुरुंग उडाला. पायथ्याची बस निघाली तेव्हा हनीफसाठी धरलेली शेजारची जागा रिकामी होती. त्याने मनाशी म्हटलं, पाण्याच्या टँकरवर बसून पुढे गेला असेल. शनिवारी त्याने टँकरवाल्याला विचारलं, तर हनीफ टँकरवर नव्हताच. बोगद्याचा तो भाग आतून कोसळला होता आणि तांबं कमी म्हणून कंपनीने तो साफही केला नाही, तोंडावर दगड रचले. सांगितलं असतं तर तुरुंग, आणि त्याच्यापाठोपाठ पाचही घरं उघड्यावर. मग दर वर्षी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

मला तो क्षण विसरता येत नाही, कारण आयुष्यात कुणाला मारावंसं इतकं कधी वाटलं नव्हतं. तुरुंगाची भीती मी समजू शकतो. पण या माणसाने ज्या बाईला सत्तावीस वर्षं पळपुट्याची बायको म्हणवून घेऊ दिलं तिचाच डबा तो रोज खात होता. मी काहीतरी बोलणार तेवढ्यात खालाने मला हातानेच गप्प केलं. तिचा आवाज चढला नव्हता. रोज झाकणावरून पेटणारी बाई इतकी हळू बोलली की मला पुढे सरकावं लागलं.

"जागा रिकामी दिसली तवा बस थांबवली नाय?"

 ती उत्तराची वाट बघत राहिली. पत्रा वाऱ्याने वाजत होता.

"सुरुंग उडाल्यावर पन मानूस जिता असतो कदी कदी. नाय काय, यज्ञेश?"

मी हो म्हटलं. असतो. त्याच्यासाठीच माणसांची मोजणी असते.

"उलट तो," ती सिराजुद्दीनला म्हणाली.

टॅग त्याच्या हातून खिळ्यावरून दोनदा निसटला. तिसऱ्यांदा बसला. लाल रंग जवळजवळ उडून गेला होता, कडेला थोडा उरला होता. एकशेवीस टॅगांत लाल तो एकच. खालाने त्यावर हात ठेवला आणि तिथे पहिल्यांदा रडली, पण तेही दात आवळून, आणि लगेच डोळे पुसून विचारलं की इथून फोन लागतो का.

शेडमध्ये लागत नाही. रेंज येते ती थेट शिखरावर, जिथे आम्ही मोजणीचा खांब रोवलाय. तिथपर्यंतची शेवटची चढण उभी आहे, हात टेकत जावं लागतं. मी म्हटलं, खाला, खाली गेल्यावर करू. ती म्हणाली, खाली गेल्यावर याला पुन्हा टँकर दिसेल. आणि तिने सिराजुद्दीनला पुढे घातलं. तो थांबला की ती थांबायची, तो बसायला लागला की म्हणायची, चल. सहासष्टचा माणूस, मागे सत्तावन्नची बाई, दोघांचे गुडघे गेलेले. मी मधे पडलो नाही. दोघांपैकी कुणी कोसळलं असतं तर मला नोकरीवरून काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.

शिखरावर सपाट जागा खोलीएवढी. चारी बाजूंना डोंगरच डोंगर, आणि पश्चिमेला धुळीचा पडदा, ज्याच्या मागे कुठेतरी समुद्र. तिने कशाकडेच बघितलं नाही. जमातीचे सेक्रेटरी बदरुद्दीन, यांचा नंबर तिला पाठ होता. फोन स्पीकरवर टाकून तिने तो सिराजुद्दीनच्या तोंडासमोर धरला. त्याने नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं आणि सांगितलं की हनीफ बाहेर आलाच नाही, टॅग मी फिरवला, मी साक्षीदार आहे.  मग बदरुद्दीन म्हणाले, इतकी वर्षं का बोलला नाहीस. खालाने लगेच फोन स्वतःकडे घेतला.

"त्याला काय इचारता? मी बोलत होते ना इतकी वर्सं. माजा घो पळाला नाय, हेच बोलत होते. तवा कान कुठं होते तुमचे?"

येत्या शुक्रवारी नमाज होईल असं बदरुद्दीननी कबूल केलं. खालाने फोन बंद केला, तिथेच खांबाला टेकून बसली आणि बांगड्या एकेक करून काढल्या. फोडल्या नाहीत. सगळ्या काढायला वेळ लागला, कारण हात जाड झाले होते. मग त्या ओढणीत बांधल्या आणि म्हणाली, उतरताना गुडघ्याला जास्त त्रास होतो, आधीच निघू.

माझ्या अहवालात मी एक ओळ घातली: वरच्या बोगद्यात एक कामगार आहे, नाव हनीफ, टॅग त्रेसष्ट; तिथे फोटोची जागा करू नये. मॅनेजरने ओळ काढून टाकायला सांगितलं. पर्यटकांना असलं वाचायला आवडत नाही म्हणे. मी पुन्हा घातली. त्याने पुन्हा काढली. तिसऱ्या वेळी मी ती तीन भाषांत घालून थेट वरच्या साहेबांकडे पाठवली. उत्तर अजून नाही. नोकरी अजून आहे, याचंच आश्चर्य वाटतं.

त्या शुक्रवारी खाडीकाठच्या मशिदीत नमाज झाली. उझमाने फोनवर आईला सांगितलं की मैदानापर्यंत रांगा होत्या. जे त्याला पळपुटा म्हणायचे तेच पहिल्या रांगेत, खाला म्हणाली. आणि दुसऱ्या दिवसापासून तिने डबे बंद केले. नवरा गेल्यावर बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं असतं, परपुरुषासमोर यायचं नसतं, त्याला इद्दत म्हणतात. डॉक्टरांच्या ओळखीच्या मौलवींनी समजावलं की इद्दत मरणाच्या दिवसापासून मोजतात, तुमची केव्हाच संपली. तिने दाराआडून विचारलं, तेव्हा मला कुणी बसू दिली होती का. मौलवी परत गेले. साठ पुरुष हॉटेलांतून कोंबडी-भात खाऊन कंटाळले, पण एकानेही तक्रार केली नाही.

सिराजुद्दीनचं एक्झिट त्याच दिवसांत आलं. विमानाच्या दिवशी त्याने मला बॅग उचलायला बोलावलं आणि गाडी डॉक्टरांच्या घराकडे घ्यायला लावली. त्याच्या हातात तिचा रिकामा डबा होता, चारही पुडं घासलेली, झाकण लखलखीत. खोलीच्या दाराशी उभा राहून तो म्हणाला, भाभी, मी चाललो, पुन्हा भेट होईल न होईल, एकदा आतूनच माफ केलं म्हण. आतून काहीच आलं नाही. मग तो म्हणाला, निदान दार उघड, मी उंबऱ्यावरच थांबतो.

तेव्हा ती बोलली.

"दार उघडलं तर तू घरी आलेला पावना. पावन्याला मला वाढावं लागंल. म्हनून उघडत नाय."

 त्याने डबा उंबऱ्याशी ठेवला आणि पायऱ्या उतरला. 

इद्दत संपली आणि डबे पुन्हा सुरू झाले. पहिल्याच दिवशी तिने मला झाकणावरून झापलं, आणि मला बरं वाटलं. सिराजुद्दीनचा डबा मात्र दाराबाहेरच आहे. डॉक्टरांच्या मोलकरणीने तो दोनदा आत नेऊन ठेवला. खालाने दोनदा उचलून बाहेर ठेवला.